बागेतले प्रश्न : कुत्र्या-मांजराच्या शीचं खत करायचं का, आणि केलं तर कशाला घालायचं?

मागच्या अंकात घरच्या ओल्या कचऱ्याच्या खताबद्दल लिहिलं होतं आणि त्यात एक ओळ होती की कुत्र्या-मांजराची शी या बिनमध्ये टाकू नका. सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवर आली. का नाही, मग टाकायची कुठे, शेण चालतं तर हे का नाही, आमच्याकडे तर कधीपासून टाकतोय काही झालं नाही, असं बरंच काही. म्हणून यावेळी फक्त हेच प्रश्न घेतले आहेत. काही पत्रं एकाच विषयाची होती ती एकत्र केलीत, आणि शी, पॉटी हेच शब्द वापरलेत कारण घरात आपण तेच बोलतो.

प्रश्न : ताई, आमच्याकडे लॅब्रेडॉर आहे, तीन वर्षांचा. टेरेसवर खताच्या दोन टोपल्या आहेत, भाजीची देठं, फळांची सालं सगळं त्यात जातं आणि खत मस्त होतं. त्याची पॉटी पण त्यातच टाकली आणि वर कल्चर मारलं तर काय बिघडतं? गाईचं शेण आपण बिनधास्त वापरतोच की. (कोथरूड, पुणे)

बिघडतं ते असं. गाय चारा खाते, तिच्या पोटात तो चारा आधीच बराच कुजून येतो, आणि कुत्र्याच्या पोटातले जे जंत माणसाला त्रास देतात ते शेणात नसतात. शेण अगदी निर्धोक आहे असंही नाही हं, ताजं शेण कोथिंबिरीच्या कुंडीत घालू नका असं मी नेहमी सांगते कारण त्यातही ई-कोलाय असतोच. पण कुत्र्याच्या शीत त्याच्या जोडीला गोल जंतांची अंडी असू शकतात, टोक्सोकारा म्हणतात त्याला. ही अंडी डोळ्याला दिसत नाहीत, त्यांचं कवच जाड असतं आणि मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात. लहान मुलाच्या हाताला माती लागली आणि हात तोंडात गेला की अंडं पोटात जातं, त्यातून निघालेली अळी यकृतात, फुप्फुसात, कधी डोळ्यातसुद्धा जाते आणि डोळ्यात गेली तर नजरेवर परिणाम होऊ शकतो. दुसरे हुकवर्म, ते तर तोंडावाटे जायचीही गरज नसते, ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि कातडीखाली लाल वळणावळणाची खाजरी रेघ उठते.

आता तुम्ही म्हणाल की कुजल्यावर हे सगळं मरत असेल ना. मरतं, पण कुजल्यामुळे नाही, उष्णतेने मरतं, आणि इथेच सगळी गोष्ट अडते. जंतांची अंडी खात्रीने मारायला ढिगाच्या आत ५५ अंश सेल्सिअस किंवा जास्त तापमान नुसतं येऊन चालत नाही, ते सलग काही दिवस टिकावं लागतं. त्यासाठी ढीग साधारण तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच तरी हवा, त्याहून लहान ढिगात आतली ऊब धरून राहत नाही, बाजूने निघून जाते. टेरेसवरची टोपली दोन दिवस गरम लागते आणि मग गार होते हे तुम्हीही बघितलं असेल. भाजीच्या देठांना तेवढं पुरतं कारण तिथे मारायचं असं काही नसतं. आणि हिशोब बघा, मध्यम-मोठ्या कुत्र्याची शी दिवसाला पाव किलो ते अर्धा किलो, म्हणजे वर्षभराची सगळी साठवली तरी एका कुत्र्याच्या जोरावर तो तीन फुटी ढीग धड उभा राहत नाही. कल्चर कितीही चांगलं असलं तरी ते कुजण्याचा वेग वाढवतं, एवढ्याशा टोपलीत ऊब टिकवणं त्याच्या हातात नाही.

तेव्हा एक कुत्रा आणि फ्लॅट असेल तर माझं स्पष्ट मत, खताच्या भानगडीत पडू नका. तुमची इमारत ड्रेनेज लाइनला जोडलेली असेल तर कुत्र्याची शी सरळ टॉयलेटमध्ये टाकून फ्लश करा, फक्त शी, पिशवी नाही, कागद नाही, माती नाही. हा सगळ्यात स्वच्छ मार्ग आहे कारण जिथे माणसाच्या मैल्यावर प्रक्रिया होते तिथेच तीही जाते. भाजीच्या दोन टोपल्या आहेत तशाच चालू ठेवा, त्या खताला हात लावताना मनात शंका राहायला नको.

प्रश्न : नमस्कार. सातारा जिल्ह्यात आमचं छोटं शेत आहे आणि तिथेच कुत्र्यांचं बोर्डिंग चालवतो, आमची स्वतःची आणि सांभाळायला आलेली मिळून पंधराएक कुत्री असतात. रोजची घमेलंभर शी निघते, सध्या बांधाच्या कडेला खड्ड्यात टाकतो पण पावसात वास येतो, माश्या होतात आणि शेजारचे कुरकुर करतात. याचं नीट खत होईल का? झालं तर कुठे वापरू?

होईल, आणि या सगळ्या पत्रांत ज्यांना मी मनापासून करा म्हणेन असे तुम्हीच आहात, कारण तुमच्याकडे माल आहे, जागा आहे आणि भुसा-पाचट मिळण्यासारखं गाव आहे. याची व्यवस्थित पद्धत अलास्कात बसवली गेली, तिथे बर्फावरच्या गाड्या (स्लेज) ओढणारी कुत्री पाळणाऱ्यांकडे एकेका अंगणात वीस-वीस, तीस-तीस कुत्री असतात, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने २००५ मध्ये एक पुस्तिकाच काढली. अलास्काच्या थंडीत ढीग तापू शकतो तर साताऱ्यात न तापायचं कारण नाही. मूळ कृती अगदी सोपी आहे, दोन घमेली शी आणि एक घमेलं लाकडाचा भुसा, थोडं पाणी, आणि पलटी मारत राहायचं.

पण त्याच्याही आधी एक काम. कुत्र्यांचं डीवर्मिंग, म्हणजे जंताचं औषध, वेळेवर चालू आहे ना ते बघा. मोठ्या कुत्र्यांना साधारण दर तीन महिन्यांनी, पिल्लांना व्हेट सांगेल तसं, आणि बोर्डिंगला येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या मालकाकडून शेवटचा डोस कधी दिला ते लिहून घ्या. शीत अंडी मुळातच कमी आली तर पुढचं सगळं सोपं होतं. डोस दिल्यानंतर आठवडाभराची शी मात्र ढिगात नको, ती वेगळी खोल पुरा, कारण त्या दिवसांत पोटातले जंत आणि अंडी एकदम बाहेर पडतात. आणि कुत्र्यांना खाटकाकडचं कच्चं आतडं, काळीज, फुप्फुस घालत असाल तर ते आजच बंद करा, उकडून घाला. शेळ्या-मेंढ्यांच्या त्या अवयवांतून कुत्र्याला एक बारीक टेपवर्म होतो, त्याची अंडी शीतून बाहेर पडतात तीच मुळी लागण करायला तयार असतात, आणि माणसाच्या यकृतात त्यातून पाण्याच्या गाठी होतात ज्या पुढे ऑपरेशन करून काढाव्या लागतात. शेतावर शेळ्या, मेंढपाळांचे कळप आणि कुत्री एकत्र असतात म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता ढीग. शी रोजच्या रोज उचला, दोन-तीन दिवसांनी नाही. गोल जंतांचं अंडं शीतून बाहेर पडलं की लगेच लागण करत नाही, त्याला मातीत दोन-चार आठवडे पिकावं लागतं, म्हणजे रोज उचललं तर तेवढाच धोका कमी. उचललेली शी झाकणाच्या ड्रममध्ये टाका आणि प्रत्येक वेळी वर तिच्या निम्मा भुसा टाका, उघडं राहू देऊ नका म्हणजे माशी बसणार नाही. असं दीडदोन महिने साठू द्या. भुसा वखारीतून आणा पण प्लायवूड किंवा एमडीएफ कापलेला भुसा नको, त्यात गोंद आणि केमिकल असतं. उसाचं पाचट बारीक करून, बगॅस (उसाचं चिपाड) मिळाला तर बगॅस, सुका पाला, गव्हाचा भुसा, सगळं चालतं. भाताचं तूस तेवढं एकटं वापरू नका, ते कुजायला फार वेळ घेतं.

पुरेसं साठलं की एका दिवसात ढीग रचा, रोज थोडं थोडं टाकून वाढवलेला ढीग कधीच नीट तापत नाही. खाली फूटभर काटक्या आणि जाड पाचट म्हणजे हवा खेळेल, त्यावर ड्रममधला माल, मधूनमधून ताजं शेण आणि हिरवा पाला घालून तीन-चार फूट उंची गाठा, शेणाने आकार पण मिळतो आणि तापायला जोरही येतो. ओल बघायची तर मूठभर माल घट्ट दाबा, हात ओला व्हायला हवा पण थेंब गळायला नको. वरून पाचटाचा जाड थर आणि त्यावर ताडपत्री किंवा पत्रा. पावसाळ्यात तर पत्र्याचं शेड हवंच, भिजलेला ढीग तापत नाही, नुसता वास मारतो, आणि त्याच्यातून वाहून गेलेलं पाणी ओढ्याला किंवा शेजाऱ्याच्या विहिरीला लागलं तर कुरकुर नाही, भांडणच होईल आणि त्यांचं बरोबर असेल.

यानंतरचं मुख्य साधन म्हणजे लांब दांडीचा कंपोस्ट थर्मामीटर, ऑनलाइन मिळतो. हात घालून गरम वाटतंय हा पुरावा धरायचा नाही, ४५ अंशालाही हाताला भरपूर गरम लागतं. दोन-तीन दिवसांत आतलं तापमान ५५ च्या वर जायला हवं, ६० ते ६५ असेल तर उत्तम, ७० च्या वर जायला लागलं तर पलटी मारा नाहीतर कुजवणारे जिवाणूच मरायला लागतात. पलटी मारताना बाहेरचं आत आणि आतलं बाहेर असं करा, कारण ढिगाची बाहेरची फूटभर साल कधीच तेवढी तापत नाही आणि अंडी तिथे आरामात जिवंत राहतात. मोठ्या प्रमाणात उघड्या ढिगांचं खत करणाऱ्यांसाठी अमेरिकेत जो नियम आहे तो आपण तसाच पाळायचा, ५५ अंश किंवा जास्त असे किमान पंधरा दिवस आणि त्या काळात किमान पाच पलट्या. वहीत तारीख आणि तापमान लिहून ठेवा. तापमान वर गेलंच नाही तर माल कोरडा आहे का, फार ओला आहे का, भुसा जास्त झालाय का ते बघा. अमोनियाचा उग्र वास येत असेल तर भुसा कमी पडलाय, सडका वास येत असेल तर हवा कमी आणि पाणी जास्त. दुरुस्त करून परत रचा आणि पंधरा दिवस परत पहिल्यापासून मोजा.

पलट्या संपून ढीग गार झाला की तो तसाच झाकून सहा महिने ते वर्षभर मुरू द्या. तयार खताला मातीचा वास येतो, शीचा अजिबात नाही. या कामाचं फावडं, घमेलं, हातमोजे, गमबूट सगळं वेगळं, त्यावर रंगाने खूण करा, भाजीच्या वाफ्यात ते फावडं जाता कामा नये. कोरडा ढीग पलटताना तोंडाला मास्क. नवीन शी तयार ढिगावर टाकायची नाही, तिच्यासाठी दुसरा ड्रम, दुसरा ढीग.

वापर कुठे? इतकं सगळं केल्यावरही माझं उत्तर एकच आहे, जे खायचं नाही त्याला. कुंपणाची मेंदी, बोगनवेल, कर्दळ, शोभेची झाडं, बांधावरची सावलीची झाडं, लावलेली करंज-कडुनिंबाची रोपं यांना मातीत मिसळून घाला, ती छान वाढतील. पालेभाज्या, मुळा, गाजर, कांदा, टोमॅटो, काकडी, स्ट्रॉबेरी यांना नाही. तुळस, पुदिना, गवती चहा, कढीपत्ता यांना नाही, पानं आपण कच्ची तोडून तोंडात घालतो. गुलकंदासाठी लावलेल्या गावठी गुलाबालाही नाही. आंब्याला घालू का असं अजून दोघांनी विचारलंय, तिथेही नको म्हणेन, कारण खाली पडलेली कैरी पोरं उचलून शर्टाला पुसून खातात. पूजेच्या फुलांचं मी काय सांगणार, ते घरातल्या मोठ्यांना विचारा, पण मनात खटकत असेल तर जास्वंद-मोगऱ्याला शेणखतच घाला.

प्रश्न : सून गरोदर आहे, चौथा महिना. घरात दोन वर्षांची मांजर आहे, पूर्ण घरातच असते. नातेवाईक म्हणतात मांजर बाहेर सोडून द्या, तिच्या शीतून बाळाला आजार होतो. आणि तिचं लिटर आम्ही बाल्कनीतल्या कुंड्यांत मिसळत होतो, तेही चुकीचं का? (ठाणे)

काकू, मांजर कुठेही सोडू नका. भीती ज्याची आहे त्याचं नाव टॉक्सोप्लाझ्मा, डोळ्याला न दिसणारा एक परजीवी, आणि ती भीती खोटी नाही, गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला त्रास होऊ शकतो. पण मांजर त्याची बारीक अंडुकली शीतून आयुष्यभर टाकत नसते, तिला स्वतःला पहिल्यांदा लागण होते तेव्हा साधारण एक ते तीन आठवडे टाकते. आणि लागण तिला उंदीर-पक्षी खाऊन किंवा कच्चं मटण खाऊन होते. तुमची मांजर घरातच असते, तिला शिजवलेलं किंवा कॅटफूडच द्या, म्हणजे धोका खूपच कमी. शीतून बाहेर पडल्यावर त्या अंडुकल्यांना लागण करण्याजोगं व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून लिटर रोजच्या रोज साफ करायचं, आणि ते काम सुनेने नाही, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करायचं, मुलगा आहेच की. सुनेने कुंड्यांच्या मातीत हात घालायचा नाही, घालायचाच तर हातमोजे घालून. डॉक्टरांना मांजर असल्याचं सांगा, गरज वाटली तर ते रक्ताची तपासणी करतील. बाकी न धुतलेली पालेभाजी आणि अर्धकच्चं मटण हे मांजरीइतकेच, किंबहुना जास्त मोठे रस्ते आहेत या आजाराचे, तिकडे पण लक्ष द्या.

लिटरचं मात्र हो, ते थांबवा. मांजराच्या शीचं घरी खत करायचं नाही, मोठ्या ढिगातही नाही, हे मी कुत्र्यापेक्षा जास्त ठामपणे सांगते, कारण टॉक्सोप्लाझ्माची ती अंडुकली ओल्या मातीत वर्षभराहून जास्त टिकतात आणि क्लोरीनलाही दाद देत नाहीत. म्हणून ती फ्लशही करायची नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सी ऑटर (समुद्री पाणमांजरं) मरत होते, त्यामागे जमिनीवरून समुद्रात वाहून आलेला हाच टॉक्सोप्लाझ्मा एक कारण निघाला. शिवाय बाजारातलं बहुतेक लिटर बेंटोनाइट मातीचं असतं, ओलं झालं की फुगून दगड होतं, कमोड तुंबवतं आणि कुंडीत घातलं तर मुळांची हवा बंद करतं. कागदात गुंडाळून, वर पिशवी बांधून कचऱ्यात द्या. आणि ज्या कुंड्यांत मिसळलंय त्यात आता फक्त शोभेची झाडं, आणि ती माती सध्या कोणी उकरू नका.

प्रश्न : गुहागर तालुक्यात घर आहे, परसात जागा भरपूर. दोन गावठी कुत्रे आहेत. ढीगबीग नको, खड्डा करून त्यात टाकत गेलो तर चालेल का? (रत्नागिरी जिल्हा)

चालेल, पण खत म्हणून नाही, विल्हेवाट म्हणून. जुन्या प्लास्टिकच्या ड्रमचा तळ कापायचा, बाजूला भोकं पाडायची, तो खड्ड्यात पुरायचा, तळाला दगड-खडी आणि वर घट्ट झाकण. त्यात शी टाकायची, अधूनमधून बादलीभर पाणी आणि थोडं सेप्टिक टँकचं कल्चर. हळूहळू सगळं जिरून जातं, भरलं की वर फूटभर माती टाकून बंद करायचं आणि दुसरीकडे नवीन करायचं. तिथे वरती कर्दळ लावा, अळू लावू नका.

कोकणात अडचण विहिरीची आहे. जांभ्यातून पाणी भराभर झिरपतं आणि पावसाळ्यात पाण्याची पातळी पार वर येते, तेव्हा खड्डा विहिरीपासून निदान शंभर फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा, पऱ्याच्या (ओहोळाच्या) जवळ नको. खड्ड्यात पाऊस भरला की पाणी साठून राहतंय असं दिसलं तर ती जागाच चुकली समजा. घाटावरच्या काळ्या मातीत हाच प्रकार उलटा होतो, पाणी जिरतच नाही, तिथे हा खड्डा करू नका. आणि पावसाळ्यात परसात अनवाणी फिरायची सवय असते आपल्याकडे, कुत्रे जिथे बसतात-हगतात त्या भागात तरी चपला घाला, हुकवर्मला ओली, उबदार, सावलीची मातीच हवी असते.

प्रश्न : गांडूळ खताच्या बेडमध्ये टाकलं तर? व्हिडिओत दाखवतात की गांडुळं कुत्र्याची शी पण खातात. (कोल्हापूर)

खातात, आणि वर्मीकंपोस्ट दिसायलाही सुंदर होतं. पण गांडुळांचा बेड गार ठेवावा लागतो, ३५ अंशाच्या वर तीच मरतात, म्हणजे अंडी मारणारी उष्णता तिथे येऊच शकत नाही. काळंभोर भुसभुशीत दिसणारं खत आणि आत जंतांची अंडी, हे उलट जास्त धोक्याचं कारण कोणाला संशयच येत नाही. शिवाय जंताच्या औषधांतली काही गांडुळांना आणि शेणकिड्यांना बाधतात. बोकाशीचंही (हवाबंद डब्यात कचरा आंबवण्याची पद्धत) तेच, तीही गार प्रक्रिया आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत अठरा-वीस कुत्री आहेत, वाद इतके झालेत की जनरल बॉडीत तोच विषय. काहीजण म्हणतात सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या ओडब्ल्यूसी (ऑरगॅनिक वेस्ट कन्व्हर्टर) मशीनमध्ये टाका, काहीजण कंपोस्टेबल पिशव्या आणून ओल्या कचऱ्यात द्या म्हणतात. नक्की काय करावं? (नवी मुंबई)

मशीनमध्ये नको. ते मशीन कचरा बारीक करतं, भुसा आणि कल्चर मिसळतं, पुढचं कुजणं क्रेटमध्ये होतं आणि तिथे तापमान किती आणि किती दिवस हे बहुतेक ठिकाणी कोणी मोजत नाही. ते खत मग सगळ्यांच्या कुंड्यांत जातं, ज्यांच्याकडे कुत्रा नाही आणि ज्यांनी टेरेसवर मेथी लावलीय त्यांच्याही. त्यांना न विचारता हे करणं मला बरोबर वाटत नाही.

पिशव्यांबद्दल, कंपोस्टेबल म्हणजे आयएस १७०८८ हे मानक पाळणारी, पण ते मोठ्या प्लांटच्या उष्णतेसाठी आहे, घरच्या ढिगात किंवा बागेत ती महिनोन्महिने तशीच राहते. नुसतं बायोडिग्रेडेबल लिहिलेली तर घेऊच नका, त्यातल्या कितीतरी फक्त बारीक तुकडे होणाऱ्या प्लास्टिकच्या असतात. साधा पेपर सगळ्यात चांगला, शी पेपरात उचला, घरी नेऊन टॉयलेटमध्ये टाका, पेपर कचऱ्यात. ज्यांना ते जमत नाही त्यांनी पेपरात नीट गुंडाळून, वर खूण करून कचऱ्यात द्यावी, पुण्यात सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका द्यायची पद्धत कचरावेचकांच्या संस्थेनेच सुरू केली तसंच. कारण ती पिशवी पुढे कोणीतरी हाताने उघडतं, वेगळी करतं, आणि बहुतेक वेळा त्यांच्या हातात मोजे नसतात. जनरल बॉडीत खताचा नाही, या गोष्टीचा ठराव आधी करा असं मी म्हणेन, आणि गार्डनमध्ये मुलांच्या वाळूच्या खड्ड्यावर रात्री झाकण घालायचाही, म्हणजे कुत्री-मांजरं त्यात शी करणार नाहीत.

प्रश्न : टोरांटोला राहतो. हिवाळाभर बॅकयार्डात बर्फात पडलेली शी गोठून मरते असं समजत होतो, तिथेच भाजीचे बेड आहेत.

गोठल्याने ही अंडी मरतीलच असं धरू नका, बर्फ वितळला की बरीचशी तशीच असतात. तुमच्याकडे सोय चांगली आहे, शहराच्या ग्रीन बिनमध्ये पाळीव प्राण्यांची शी आणि लिटर दोन्ही घेतात, घरी काही करायची गरजच नाही. बेडना कमी उंचीचं का होईना कुंपण घाला म्हणजे कुत्रा आत जाणार नाही.

प्रश्न : कुत्र्याने शू केली की लॉन जळतं, पिवळे गोल पडतात. (नाशिक)

नत्र आणि क्षार एका जागी जास्त झाल्यामुळे. शू केल्याबरोबर त्या जागी बादलीभर पाणी ओता. तेवढंच पुरतं. पावसाळ्याआधी त्याची लेप्टोची लस मात्र चुकवू नका, तो आजार शूमधून पसरतो.

प्रश्न : ससे आहेत दोन आणि फिश टँक पण. यांचंही नाही म्हणू नका! (सांगली)

यांचं अगदी हो म्हणते. ससा, गिनीपिग शुद्ध शाकाहारी, त्यांच्या लेंड्या सुक्या, खाली पसरलेल्या गवतासकट ओल्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाका, खत फार छान होतं. फुलझाडांना लेंड्या थेट मातीत मिसळल्या तरी चालतात, कच्च्या खायच्या पालेभाजीला मात्र कुजवूनच. फिश टँकचं बदललेलं पाणी कुंड्यांना घाला, त्यात नायट्रेट असतं, फक्त टँकमध्ये मीठ किंवा औषध टाकलेलं असेल त्या वेळचं पाणी नको. कासव असेल तर त्याचं पाणी भाजीला नाही, कासवांमध्ये साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू सर्रास असतो. कबुतरांची विष्ठा तर गोळा करायलाच जाऊ नका, तिची कोरडी धूळ फुप्फुसाला वाईट.

प्रश्न : वर्षभर कुत्र्याची शी साध्या खड्ड्यात कुजवून ते खत वांगी, टोमॅटो, पालक सगळ्याला घातलं. तुमचा लेख वाचून झोप उडाली. आता काय करू? एका ठिकाणी वाचलं की १२० दिवस थांबलं की झालं. (अकोला)

आधी शांत व्हा, घातलं म्हणजे आजार झालाच असं नाही, तुमच्या कुत्र्याचं डीवर्मिंग होत असेल तर अंडी असण्याची शक्यताच कमी. ते १२० दिवस म्हणजे अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीचा गुराढोरांच्या कच्च्या खताचा नियम, खत घातल्यापासून कापणीपर्यंत एवढं अंतर ठेवायचं असा. कुत्र्याच्या शीला तो लागू नाही, टोक्सोकाराच्या अंड्याला चार महिने म्हणजे काहीच नाही.

आता सध्या उभा पालक, मुळा, कोथिंबीर जे काही जमिनीलगत आहे ते काढून टाका. वांगी आणि टोमॅटो जमिनीला टेकलेली नसतील तर चांगली धुऊन शिजवून खायला हरकत नाही, कच्ची नको. त्या वाफ्यात पुढची दोन-तीन वर्षं तरी झेंडू, शेवंती, लिली असं काहीतरी लावा आणि भाजी नव्या मातीत, वेगळ्या वाफ्यात किंवा ग्रो बॅगमध्ये. अकोल्याच्या उन्हाचा मात्र उपयोग करून घ्या, मे महिन्यात वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे ठेवा, वरचे दोन-तीन इंच चांगलेच तापतात आणि तिथलं बरंचसं मरतं. खालच्या थराची खात्री नाही म्हणून हे केल्यावर तो वाफा खोल खणू नका, खालची माती वर येईल. घरात लहान मूल असेल आणि ते त्या मातीत खेळलेलं असेल तर पुढच्या वेळी मुलांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे सांगा, ते ठरवतील काही तपासायचं का. आणि कुत्र्याच्या शीची तपासणी व्हेटकडे करून घ्या, ताजा नमुना छोट्या डबीत न्यायचा, रिपोर्ट लवकर मिळतो आणि वाफ्यात काय गेलं असेल याचा निदान अंदाज तरी येतो.